पहिला चेंडू पडेपर्यंत

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी व्हर्लिन टर्पस्ट्रा पाहुण्या संघाच्या डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बाकाच्या खोलगट छपरीच्या, पायरीवर एक पाय ठेवून उभे होते आणि हातातल्या कागदावर एका मुलाचं नाव तिसऱ्यांदा लिहीत होते. सामना पाचला सुरू व्हायचा होता. जुलैचं ऊन मैदानापलीकडच्या मक्यावर सरळ पडलं होतं.

"पुन्हा एकदा म्हण बघू."

"इश्कोय," बावीस नंबरचा मुलगा म्हणाला. "उलिसेस इश्कोय. पण चालेल सर, सगळे इक्सकॉयच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळेच. गेल्या आठवड्यात एका गावात तर एक्सबॉय म्हणाले."

बाकावरची मुलं फिदीफिदी हसली. व्हर्लिन हसले नाहीत. "जोर कुठे द्यायचा? सुरुवातीला की शेवटी?"

"शेवटी."

"घरचं कोणी येणारे का आज?"

"आई येईल. कारखान्यातली पाळी सुटली की निघेल. तिसऱ्या डावापर्यंत पोचेल बहुतेक."

व्हर्लिननी नावाच्या शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढली. पाहुण्यांचे प्रशिक्षक हॅगेन बॅटींची पिशवी उघडत होते. ते म्हणाले, "टर्पस्ट्रा साहेब, एवढी चौकशी तर मुलीकडचेही करत नाहीत हो."

"मुलगी एकदा द्यायची असते. हे नाव मला चार वेळा घ्यायचंय," व्हर्लिन म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले.

हे ते अडतीस वर्षं करत आले आहेत. नॉर्डाइक, आयोवा, लोकसंख्या अकराशे चाळीस. इथल्या शाळेच्या बेसबॉल मैदानावर माइक त्यांच्या हातात आला तो एका अपघातानेच. त्यांच्या आधी हे काम एक विमा एजंट करत असे. एका सामन्यात त्याने लाउडस्पीकरवरून अंपायरला चष्म्याच्या दुकानाचा पत्ता सांगितला. अंपायरने सामना थांबवला, त्याला मैदानाबाहेर काढलं आणि विचारलं, आणखी कोणाला नावं वाचता येतात का? व्हर्लिन तेव्हा सहकारी धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर नोकरीला होते. दिवसभर ट्रकचे नंबर मोठ्याने पुकारायची सवय होती. कोणीतरी त्यांच्याकडे बोट दाखवलं.

काट्यावरची नोकरी नऊ वर्षांपूर्वी संपली. माइक राहिला. आता ते एकाहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या बोलण्याच्या पद्धतीत कसलीही नक्कल करण्यासारखी लकब नाही, आणि गावातल्या पोरांना ती एक अडचणच वाटते. ते 'आपला संघ' म्हणत नाहीत. चेंडू खेळात असताना तोंड उघडत नाहीत. अंपायरचा निर्णय चुकला तरी एक सुस्कारासुद्धा माइकमध्ये जाऊ देत नाहीत. नॉर्डाइकच्या मुलाचं नाव आणि पाहुण्याचं नाव ते एकाच पट्टीत घेतात, त्यामुळे नव्याने आलेल्या पालकांना काही दिवस शंका येते की हा माणूस नक्की कोणाच्या गावचा आहे.

शंकेला आणखी एक कारण आहे. नॉर्डाइकच्या संघाचा प्रशिक्षक कर्टिस टर्पस्ट्रा हा त्यांचा मुलगा.

सामन्याच्या दिवशी चार वाजल्यापासून बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत. तसं ठरलेलं नाही, पण अकरा वर्षं मोडलेलंही नाही. घरच्या संघाची नावं व्हर्लिन दुय्यम प्रशिक्षकाकडून घेतात. कर्टिस बाजूने जातो, टोपीला हात लावतो आणि रेघा मारायची चुन्याची गाडी ढकलत निघून जातो. रविवारी चर्चनंतर मात्र तो बायकामुलांसह आईवडिलांकडे जेवायला असतो, आणि तिथे सामन्याबद्दल हवं ते बोलतो.

आजचा दिवस तसा नेहमीचा नव्हता. आज विभागातला शेवटचा सामना होता. जिंकणारा राज्य पातळीवर जाणार, हरणाऱ्याचा हंगाम इथेच संपणार. नॉर्डाइक राज्य पातळीवर शेवटचं गेलं तेव्हा व्हर्लिनच्या डोक्यावर केस होते. कर्टिस अकरा वर्षांत दोनदा या दारापर्यंत येऊन परत गेला होता. सकाळी व्हर्लिनच्या बायकोने, जोनने, नाश्त्याच्या वेळी फक्त एवढंच विचारलं होतं, "या वेळी होईल का रे त्याचं?" आणि व्हर्लिननी अंड्यावर दुसऱ्यांदा मीठ घातलं होतं.

होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या, मागे प्लायवूडची एक माडी आहे. खाली थंड पेयांचं कपाट, वर एक खिडकी, दोन खुर्च्या. साडेचारला व्हर्लिन जिना चढले तेव्हा मार्लिस बुखहाइट आपल्या खुर्चीत बसून पेन्सिलींना टोक काढत होत्या. सामन्याची अधिकृत वही त्यांच्याकडे असते. वय चौऱ्याहत्तर, शाळेत पस्तीस वर्षं बीजगणित शिकवलं. प्रेक्षकांतल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी फळ्यासमोर उभं केलेलं आहे.

"घसा कसाय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"खवखवतोय थोडा."

"दोन दिवस सांगतेय, ते गवत कापताना तोंडाला फडकं बांध. ऐकायचं नाही. आता आज गावाला गायीचं हंबरणं ऐकव."

"गाय बरी वाजते स्पीकरवर."

"आणि तो कागद इकडे दे, मला नंबर ताडून पाहू दे. हे काय लिहिलंयस? हे अक्षर आहे की कोंबडी चालून गेलीये?"

"मला वाचता येतंय ना."

"ट्रकवाल्यांना कसं काय यायचं देव जाणे."

पाच वाजता राष्ट्रगीत झालं. व्हर्लिननी आधी पाहुण्यांची नावं वाचली. बावीस नंबरशी आले तेव्हा त्यांनी जोर शेवटी दिला, आणि तिसऱ्या बेसच्या रेषेवर रांगेत उभ्या असलेल्या उलिसेसने मान वळवून माडीच्या खिडकीकडे पाहिलं. मग घरच्यांची नावं झाली. मग जराही न उतरणाऱ्या उन्हात सामना सुरू झाला, आणि सहा डाव तो असा चालला की टपरीवरच्या बाईला गिऱ्हाईक मिळेना. मक्याच्या वेफर्सच्या पुडीत ओतलेला खिमा थंड होत होता आणि लोक जागचे हलत नव्हते. तिसऱ्या डावात कारखान्याचा पांढरा अंगरखा अजून अंगात असलेली एक ठेंगणी बाई येऊन पाहुण्यांच्या बाजूला सगळ्यात खालच्या फळीवर बसली.

सहा डाव संपले तेव्हा तीन-तीन अशी बरोबरी होती.

सातवा डाव शेवटचा. पहिली फलंदाजी पाहुण्यांची. दोघे बाद झाले, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर त्यांचे धावपटू उभे होते. आता पाळी होती पाचव्या क्रमांकाच्या फलंदाजाची. वहीत पाचव्या ओळीवर चौदा नंबरचा कॉल्बी व्हॅनाटा होता, सहाव्यावर बावीस नंबरचा उलिसेस.

पुढच्या फलंदाजाने थांबायच्या खडूच्या वर्तुळातून उठून बॅट फिरवत निघाला तो बावीस नंबर.

मार्लिसबाईंची पेन्सिल थांबली.

घोळ कुठे झाला ते त्या दोघांनाही लगेच कळलं. सहाव्या डावात हे दोघे बेसवर पोहोचले होते, आणि हॅगेननी त्यांच्या जागी पळायला दोन चपळ मुलं पाठवली होती. पुढचे तिघे बाद झाले, धाव काही मिळाली नाही, आणि हॅगेननी दोघांना परत आत घेतलं. शालेय खेळात तेवढी मुभा आहे, फक्त ज्याने त्याने आपल्याच क्रमांकावर परत यायचं. घाईत हॅगेनच्या स्वतःच्या कागदावर दोन नावांची अदलाबदल झाली असणार.

अशा वेळचा नियम साधा आहे. चुकीचा फलंदाज खेळला आणि समोरच्या संघाने पुढच्या फलंदाजाला पहिला चेंडू पडायच्या आत तक्रार केली, तर ज्याची पाळी होती तो बाद आणि झालेल्या धावा रद्द. चेंडू पडला की तक्रारीची वेळ गेली. आणि तक्रार करायची ती फक्त समोरच्या संघाने. अंपायरने दिसलं तरी बोलायचं नाही. वही लिहिणाराने बोलायचं नाही. माइकवाल्याने तर नाहीच नाही.

मार्लिसबाईंनी व्हर्लिनकडे पाहिलं. व्हर्लिननी खाली, नॉर्डाइकच्या डगआउटकडे पाहिलं. तिथे खांबाला दोन्ही संघांच्या क्रमाचा कागद टांगलेला होता, चार इंची अक्षरात. कर्टिसची पाठ त्या कागदाकडे होती. तो कठड्यावर वाकून आपल्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलाला, बोटांनी काहीतरी सांगत होता. दुय्यम प्रशिक्षक बाहेरच्या क्षेत्ररक्षकांना मागे सरकवत होता. बाकावरची मुलं उलट्या टोप्या घालून ओरडत होती.

व्हर्लिन नाव कागदावरून घेत नाहीत, पाठीवरून घेतात. त्याला एक जुनं कारण आहे. फार वर्षांपूर्वी त्यांनी कागदावर पाहून एका मुलाचं नाव पुकारलं होतं, तो तेव्हा मनगट मोडून इस्पितळात निघाला होता, आणि त्याची आई प्रेक्षकांत आनंदाने उभी राहिली होती. तेव्हापासून जो समोर उभा दिसतो त्याचंच नाव. आज त्यांनी व्हॅनाटाचं नाव घेतलं असतं तर हॅगेन सावध होऊन मुलगा बदलून मोकळे झाले असते. बावीसचं नाव जरा ओढून, जरा प्रश्नासारखं घेतलं असतं तर कर्टिसने मान वर केली असती. लेकाला बापाच्या आवाजातला फरक पाव सेकंदात कळला असता. सत्तेचाळीस वर्षं ऐकतोय तो.

व्हर्लिननी बटण दाबलं आणि नेहमीसारखं नंबर, क्षेत्ररक्षणाची जागा आणि नाव सांगितलं. "बावीस नंबर. तिसरा बेस. उलिसेस इश्कोय."

पट्टी तीच होती. मार्लिसबाई नंतर म्हणाल्या की त्यांनी डोळे मिटून ऐकलं असतं तरी त्यांना काही कळलं नसतं.

पाहुण्यांच्या बाजूला ती पांढऱ्या अंगरख्यातली बाई उठून उभी राहिली होती. पहिला चेंडू उलिसेसने सोडला. दुसरा त्याने टोलवला, तो दुसऱ्या बेसवरच्या मुलाच्या हाताखालून निघून गेला. दोन धावा आल्या. पाच-तीन.

आता खरी अवघड वेळ आली. पुढच्या फलंदाजाला पहिला चेंडू पडेपर्यंतची.

तो फलंदाज चौदा नंबरचा व्हॅनाटा होता. तो वर्तुळात अजून हातमोजे आवळत होता. व्हर्लिनची रीत अशी, की फलंदाज वर्तुळाच्या रेषेबाहेर पाऊल टाकतो तेव्हा बटण दाबायचं. आधी नाही, नंतर नाही. नाव झाल्याशिवाय इथले अंपायर खेळ सुरू करत नाहीत, ही गेल्या कित्येक वर्षांत पडलेली सवय. म्हणजे व्हर्लिन जितके रेंगाळतील तितका वेळ कर्टिसला मिळणार होता. पाणी प्यायचं होतं, पेला समोरच होता. वायरीला पाय लागू शकत होता. म्हाताऱ्या माणसाला काहीही होऊ शकतं, कोणी विचारलं नसतं.

आणि त्याच क्षणी त्यांना खोकल्याची उबळ आली.

खरी उबळ. सकाळपासून घशात बसलेलं ते गवत एकदम वर आलं. डोळ्यांत पाणी आलं. मार्लिसबाईंनी पेला त्यांच्याकडे सरकवला. व्हर्लिननी नकारार्थी मान हलवली, जीभ टाळूला लावली आणि श्वास धरून ठेवला. खाली कर्टिस पिचरकडे चालत गेला होता, त्याच्या खांद्यावर हात ठेवून दोन शब्द बोलला आणि परत फिरला. डगआउटची पायरी उतरताना त्याचा चेहरा त्या टांगलेल्या कागदापासून हातभर अंतरावर होता. त्याने नाकावरचा घाम पुसला आणि खाली बसला.

व्हॅनाटाने रेषेबाहेर पाऊल टाकलं.

"चौदा नंबर. पहिला बेस. कॉल्बी व्हॅनाटा."

शेवटचं अक्षर जरा घोगरं आलं. पिचरने हात फिरवला, चेंडू पडला, अंपायरने चेंडू वैध असल्याची खूण केली. तेवढं झाल्यावर व्हर्लिन खुर्चीतून वाकले आणि मिनिटभर असे खोकले की खालच्या कपाटातल्या बाटल्या वाजल्या असं मार्लिसबाईंचं म्हणणं. व्हॅनाटा तिसऱ्या चेंडूवर उंच झेल देऊन बाद झाला.

शेवटच्या अर्ध्या डावात नॉर्डाइकने एक धाव केली. पाच-चार. सामना संपला.

त्या एका धावेचं गणित मार्लिसबाईंनी वहीत मांडलं नाही, पण त्यांना ते येत होतं. तक्रार झाली असती तर डाव तीन-तीनवर मिटला असता, आणि ही धाव विजयाची ठरली असती.

व्हर्लिननी शेवटचं निवेदन वाचलं. पाहुण्या संघाचं अभिनंदन, दोन्ही पिचरची नावं, अंपायरांचे आभार, आणि परत जाताना चौदा नंबरच्या रस्त्यावर हरणं असतात, गाडी सावकाश चालवा. त्यांनी बटण बंद केलं. पाहुण्यांच्या मुलांनी एकमेकांच्या अंगावर उड्या मारल्या, मग रांगेत येऊन नॉर्डाइकच्या प्रत्येक मुलाशी हात मिळवले. हॅगेननी कर्टिसला मिठी मारली. त्यांना काही माहीत नव्हतं. बस गेली तेव्हाही माहीत नव्हतं. कदाचित अजूनही नसेल.

माहीत झालं ते रॅंडी व्हॅन झीला. त्याचा मुलगा नॉर्डाइकचा शॉर्टस्टॉप, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक. रॅंडी प्रत्येक सामना फोनवर नोंदवतो, आणि टपरीपाशी उभा राहून ती नोंद खालीवर करत असताना त्याला ते दिसलं. तो जिना दोन दोन पायऱ्यांनी चढून वर आला.

"सातव्यात बावीस चुकीच्या जागी आला होता!"

मार्लिसबाई वहीला रबरबँड लावत होत्या. "रॅंडी, आधी श्वास घे."

"बाई, तुम्ही वही लिहिता! तुम्हाला दिसलं नाही?"

"वहीत जसं झालं तसं लिहिलंय."

"म्हणजे दिसलं!" तो व्हर्लिनकडे वळला. "आणि तुम्ही? तुम्ही त्याचं नाव घेतलंत! एवढं छान, लग्नपत्रिका वाचल्यासारखं घेतलंत! एक खोकला काढला असतात तरी आपण आज—"

"आपण नाही," व्हर्लिन म्हणाले. "माइकवर आपण नसतं."

"तुमचा स्वतःचा मुलगा आहे हो तो!"

"माहितेय मला, रॅंडी. जन्मला तेव्हा मी तिथेच होतो."

रॅंडी गेला तो थेट मैदानावर. खिडकीतून दोघांना दिसत होतं: रॅंडीचे हात, मग कर्टिसची न हलणारी पाठ, मग कर्टिस माडीकडे चालत येताना. तो जिना एकेक पायरीने चढला. दारात उभा राहिला. टोपी काढलेली, कपाळावर तिची रेघ उमटलेली.

"मिसेस बुखहाइट, वही बघू?"

त्यांनी रबर काढून वही दिली. त्याने पान उघडलं, बोट पाचव्या ओळीवर आणि मग सहाव्या ओळीवर ठेवलं. वही मिटली.

"कधी दिसलं?" त्याने बापाला विचारलं.

"तो वर्तुळातून उठला तेव्हा."

"आणि?"

"आणि त्याचं नाव घेतलं."

कर्टिसने वही टेबलावर ठेवली, कडा टेबलाच्या कडेला जुळवून ठेवली, आणि खाली गेला.

असं याआधी एकदा झालं होतं. कर्टिस सतरा वर्षांचा, शॉर्टस्टॉपला उभा. त्या काळी चुकासुद्धा स्पीकरवर सांगायची पद्धत होती. सरळ आलेला चेंडू त्याच्या पायांमधून गेला आणि व्हर्लिननी सांगितलं, "चूक. शॉर्टस्टॉप. कर्टिस टर्पस्ट्रा." नेहमीच्या पट्टीत. मुलगा दोन आठवडे बोलला नाही. बटाट्यांचं भांडं जोन एकाकडून दुसऱ्याकडे सरकवायची. पंधराव्या दिवशी त्याने फक्त विचारलं, "म्हणायलाच हवं होतं का?" आणि व्हर्लिन म्हणाले, "दुसऱ्याच्या पोराचं म्हणतोच ना." पुढे कधीतरी राज्य संघटनेने चुका जाहीर करणं बंद करायला सांगितलं. ते पत्र वाचून व्हर्लिन कोठारामागे जाऊन बराच वेळ उभे राहिले होते, हे त्यांनी जोनलाही सांगितलेलं नाही.

तेव्हा मुलगा सतरा वर्षांचा होता आणि त्याच छपराखाली राहायचा. आता तो सहा मैलांवर राहत होता. रविवारी आला नाही तर आला नाही. बटाटे सरकवायला मध्ये कोणी नव्हतं.

"मी त्याला नववीत शिकवलंय," मार्लिसबाई पर्समध्ये पेन्सिली ठेवत म्हणाल्या. "पहिल्यांदा पेपर कोरा ठेवायचा. घंटा व्हायच्या आत लिहायचा."

"पास व्हायचा का?"

"काठावर. चल, मला जिना उतरायला हात दे."

सामन्यानंतर पिचरच्या उंचवट्यावर ताडपत्री घालायची असते, हंगाम संपला तरी. दोन माणसं लागतात. एरवी दुय्यम प्रशिक्षक असतो, पण तो रडणाऱ्या पोरांपाशी बसला होता. कर्टिस एकटाच ताडपत्री ओढत होता, एक टोक सरळ केलं की दुसरं दुमडत होतं. सव्वासात झाले होते; ऊन अजून होतं. व्हर्लिन फाटकातून आत गेले आणि त्यांनी दुसरं टोक धरलं.

दोघांनी मिळून ती उंचवट्यावर ओढली.

"मी चिडलोय," कर्टिस म्हणाला.

"दिसतंय."

"तुझ्यावर नाही, असं म्हणणार नाही मी."

"नको म्हणूस."

"माझ्या नाकासमोर टांगला होता कागद. डॅड, माझ्या नाकासमोर! तेरा जण बसलो होतो त्याच्याखाली आणि एकानेही वाचला नाही. रॅंडीला तेच सांगितलं. म्हटलं, ओरडायचं तर माझ्यावर ओरड." त्याने वाळूची पिशवी उचलून कोपऱ्यावर टाकली. "पण तरी चिडलोय."

"हं."

दुसरी पिशवी. तिसरी. चौथीपाशी कर्टिस थांबला.

"तू खोकत का होतास?"

"घसा."

"नाही, कधी खोकलास ते विचारतोय. व्हॅनाटाला पहिला चेंडू पडला, आणि मग तू खोकलास. मी ऐकलं. सगळ्या मैदानाने ऐकलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला काही झालं की काय." तो बापाकडे बघत होता. "उबळ केव्हा आली होती?"

व्हर्लिननी ताडपत्रीची सुरकुती बुटाने सरळ केली. "थोडी आधी."

"किती आधी?"

"तू पिचरशी बोलायला गेलास तेव्हा."

"आणि तू ती धरून ठेवलीस?"

"नाव घ्यायला उशीर झाला असता."

कर्टिस पिशवी हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग त्याने ती खाली ठेवली आणि ताडपत्रीवरच बसला, गुडघ्यांवर कोपर टेकून. त्याचे खांदे हलायला लागले. व्हर्लिनना आधी वाटलं तो रडतोय. थोडा वेळ ते खरंही असावं.

"देवा रे," कर्टिस म्हणाला. "रॅंडीला हे कळलं ना, तर तो तुला या ताडपत्रीत गुंडाळेल."

"मग सांगू नकोस."

"खोकायलाही नियम आहे का रे तुमच्यात?"

"लिहिलेला नाही."

"बस जरा."

"बसलो तर उठवायला माणूस लागेल."

"मी आहे ना."

व्हर्लिन बसले. बसायला वेळ लागला. समोर डगआउटमध्ये पोरं एकेक करून पिशव्या खांद्यावर टाकत होती. त्यांतल्या चौघांची शाळा संपली होती; ती मुलं पुन्हा या बाकावर बसणार नव्हती. कर्टिस त्यांच्याकडे बघत होता आणि आता हसत नव्हता.

"त्या पोराचं नाव," तो म्हणाला. "इश्कोय ना? त्याची आई गेटपाशी मला भेटली. तिला वाटलं मी तिकिटं बघणारा आहे. म्हणाली, वरती बोलणारे ते साहेब कुठे आहेत, त्यांना सांगायचंय की नाव बरोबर घेतलं."

"मग?"

"म्हटलं सांगतो."

व्हर्लिननी मान हलवली. घसा अजून खवखवत होता, पण आता खोकायला हरकत नव्हती, आणि ते खोकले. कर्टिसने त्यांच्या पाठीवर दोन थापट्या मारल्या आणि हात तिथेच राहू दिला.

"रविवारी मका आणू का आम्ही?" त्याने विचारलं. "लागलाय चांगला."

"डझनभर आण. तुझ्या आईला कापून ठेवायचाय."

"आणि उद्या सकाळी कपडे परत घ्यायचेत पोरांकडून. यादी पुकारायला कोणीतरी हवं. माझा आवाज गेलाय ओरडून ओरडून."

"किती जण?"

"एकोणीस."

"पाहुणे नाहीत, म्हणजे नावं विचारायला नकोत."

"जोर कुठे द्यायचा ते माहितेय तुला," कर्टिस म्हणाला आणि उठून त्याने दोन्ही हात पुढे केले.

बुधवारी सकाळी नऊ वाजता नॉर्डाइक शाळेच्या व्यायामशाळेत एकोणीस गणवेश जमा होतील, नंबर एकपासून क्रमाने. पॅंट धुतलेली असावी आणि पट्टा वेगळा काढलेला असावा, असं दारावरच्या कागदावर लिहिलं आहे.